तारा एकदाच मरतो

"थांब, ते कापू नकोस," मी म्हटलं आणि जुलेखाचा हात माउसवरून बाजूला केला.

दुपारचं जेवण आटोपून आम्ही तिच्या खोलीत बसलो होतो. जुलेखा मणियार सोलापूरची. पुण्यातल्या त्या संस्थेत आम्ही दोघी एकाच वर्षी पीएच.डी.ला लागलो होतो. तिचे गाइड डॉ. अष्टपुत्रे. त्यांना एका परदेशी अवकाश दुर्बिणीवर वेळ मिळाला होता. त्या दुर्बिणीनं आकाशगंगांच्या एका पुंजक्याकडे दीड दिवस टक लावून जे काही पाहिलं होतं, ते सगळं आता जुलेखाच्या संगणकावर येऊन पडलं होतं. क्ष-किरण आपल्या हवेतून खाली उतरत नाहीत, म्हणून ह्या दुर्बिणी वर फिरवाव्या लागतात. पण तिथं सूर्याकडून येणाऱ्या कणांचा मारा असतो. तो सुरू झाला की सगळं चित्र एकदम उजळतं आणि तेवढा वेळ निकामी होतो. मग तो तुकडा कापून फेकायचा. जुलेखा सकाळपासून तेच करत होती, गहू निवडल्यासारखं.

"अगं, हा पण कणांचाच आहे," ती म्हणाली. "बघ ना, कसा चढलाय."

"सगळं कुठं चढलंय? कोपऱ्यातला एकच ठिपका चढलाय."

तिनं पुढं वाकून पाहिलं. चित्राच्या अगदी काठाशी एक ठिपका होता. आधीचे कित्येक तास तो दिसत नव्हता म्हटलं तरी चालेल. मग काही मिनिटांत तो भक्कन पेटला, आजूबाजूच्या सगळ्यांहून तेजस्वी झाला आणि अर्ध्या तासात विझून गेला. चढताना झपकन, उतरताना सावकाश. असा चढ-उतार मी चार वर्षं पुस्तकांत आणि दुसऱ्यांच्या लेखांत पाहत आले होते. ताऱ्यावरचा भडका. ताऱ्याच्या पृष्ठावर चुंबकीय क्षेत्राचा पीळ वाढत जातो, एका क्षणी तो तुटतो, आणि कोट्यवधी अंशांपर्यंत तापलेला वायू क्ष-किरण ओकतो. आपल्या सूर्यावरही हे होतं. तरुण ताऱ्यांवर फार होतं. पण म्हातारे, शांत म्हणून ज्यांची ख्याती आहे असे तारेही मधूनच असे भडकतात आणि ते भडके इतके अल्पजीवी असतात की आपण सफाई करताना तेच फेकून देतो, असं माझ्या प्रबंधाचं म्हणणं होतं. चार वर्षं ते नुसतं म्हणणंच राहिलं होतं. हातात पुरावा नव्हता.

त्या ठिपक्याच्या जागी काय आहे ते आम्ही तिथल्या तिथं शोधलं. जवळच एक लाल, बुटका, फार जुना तारा होता. नोंदीत त्याच्यापुढं लिहिलं होतं, शांत.

मी इतकी हरखले की जुलेखाचा चहा पिऊन टाकला.

माझे गाइड होते डॉ. वामन कुर्डुकर. त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. मी खामगावची. वडील एस.टी.च्या आगारात मेकॅनिक. संस्थेत आले तेव्हा माझ्या इंग्रजीला लोक हसायचे, आणि माझ्या मराठीला तर त्याहून जास्त. कुर्डुकर सर कधी हसले नाहीत. ते स्वतःच्या हातानं क्ष-किरण टिपणारी उपकरणं बनवायचे, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात सोल्डरिंग गन देऊन म्हटलं होतं, "तुझा हात थरथरत नाही, हे फार मोठं भांडवल आहे." त्या एका वाक्यावर मी चार वर्षं जगले. संस्थेतल्या कुणी काही म्हटलं तरी सरांना काय वाटतं तेवढंच मला पुरायचं.

आलेख घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले की निरीक्षणं अष्टपुत्र्यांची आहेत, तेव्हा आधी त्यांना सांगायला हवं, ते उमदे आहेत, मोकळेपणानं जाऊन बोल. मी गेले.

डॉ. अष्टपुत्रे आमच्या विभागाचे प्रमुख. दिल्लीतल्या कितीतरी समित्यांवर होते, काहींचे अध्यक्ष. त्यांनी मला बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता की त्या ठिपक्याच्या जागी दुसरं काय आहे. मी खरं ते सांगितलं. चित्राच्या काठाशी प्रतिमा पसरट येते, जागा नेमकी सांगता येत नाही, आणि त्या पसरट डागात ताऱ्याच्या शेजारी एक फार दूरची, फिकट आकाशगंगाही सापडते. त्यांचे डोळे चमकले ते मला त्याच वेळी दिसायला हवं होतं.

दोन महिन्यांनी त्यांचा लेख बाहेर आला. त्यात म्हटलं होतं की त्या दूरच्या आकाशगंगेत एका महाकाय ताऱ्याचा स्फोट झाला आणि तारा फुटतानाचा अगदी पहिला लखलखाट आमच्या गटानं टिपला. ही गोष्ट कुणाच्या हाती सहसा लागत नाही. म्हाताऱ्या बुटक्या ताऱ्याच्या ठसक्याला कोण विचारतो? पण तारा मरतानाचा पहिला क्षण म्हटल्यावर जगभर बातमी होते, आणि ती झाली. लेखावर अष्टपुत्र्यांचं नाव होतं, जुलेखाचं होतं, आणि दुसऱ्या क्रमांकावर कुर्डुकर सरांचं होतं. माझे आभार मानले होते.

नाव नाही म्हणून राग आला नाही, असं मी म्हणणार नाही. पण तो राग लहान होता. मोठा राग होता तो असा, की हे खोटं होतं. तो स्फोट नव्हताच. त्या भडक्याच्या प्रकाशात लोखंडाची एक खूण होती, एक रेषा, आणि ती आपल्या मूळ जागी होती. तो प्रकाश इतक्या दूरच्या आकाशगंगेतून आला असता तर ती रेषा सरकलेली दिसली असती. मी सरांकडे धावले.

"इतक्या थोड्या फोटॉनवर तू रेषा म्हणतेस?" सर म्हणाले. "मला नाही पटत. पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. रेषा होती. त्यांना पटलं नाही. तिसऱ्यांदा केलं. त्यांनी सांगितलं की मी आजूबाजूच्या आकाशाची पार्श्वभूमी चुकीची वजा करते आहे. मी पार्श्वभूमी बदलून केलं. मग ते म्हणाले की माझं मन आधीच ठरलंय म्हणून मला हवं ते दिसतंय. असे किती आठवडे गेले त्याचा मी हिशेब ठेवला नाही. एवढं आठवतं, की एका दुपारी जुलेखा मला जेवायला बोलवायला आली आणि मी तिला विचारलं, "ही रेषा तुला दिसते का?" ती घाबरली. म्हणाली, "शलाका, दिसते. मला दिसते. तू हे दहा वेळा विचारलंयस मला."

मग तो सत्काराचा दिवस आला.

संस्थेनं मोठ्या सभागृहात कार्यक्रम ठेवला होता. शहरातली मंडळी आली होती, वर्तमानपत्रांचे लोक होते, शाळांमधून मुलं आणली होती. अष्टपुत्रे फार सुंदर बोलले. मरणाऱ्या ताऱ्याबद्दल असं बोलले की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका?

माझ्या शेजारी कुर्डुकर सर बसले होते. मी उठतेय हे कळताच त्यांनी माझं मनगट धरलं. मी ते सोडवून घेतलं.

"सर, तारा एकदाच मरतो," मी म्हटलं. आवाज कापत होता, रागानं. "पण तिथं शेजारीच एक जुना लाल तारा आहे. भडका त्याचा असेल, तर तो पुन्हा होईल. पुन्हा झाला तर आपण काय म्हणणार? आणि लोखंडाची रेषा तिच्या मूळ जागी आहे, ते लेखात का नाही?"

सभागृहात चुळबुळ झाली. अष्टपुत्रे हसले. म्हणाले की तरुण पिढीनं असे प्रश्न विचारलेच पाहिजेत, उत्तर मात्र त्यांच्या गुरूंनीच द्यावं. त्यांनी माइक कुर्डुकर सरांकडे पाठवला.

सर उठले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "शलाका माझी विद्यार्थिनी आहे," ते म्हणाले. "कष्टाळू आहे. पण अजून शिकते आहे. तिच्या विश्लेषणात चूक आहे. गेले काही महिने आम्ही ती दुरुस्त करतो आहोत. मी तिच्या वतीनं दिलगिरी व्यक्त करतो."

टाळ्या पडल्या. शाळेतली मुलंही टाळ्या वाजवत होती, कारण बाकीचे वाजवत होते. मी उभीच होते. खाली बसायचं असतं हेही मला सुचलं नाही. जुलेखानं मागून येऊन मला बाहेर नेलं.

त्यानंतर मला अष्टपुत्र्यांच्या खोलीत जाऊन माफी मागायला सांगण्यात आलं. मी मागितली नाही. तेव्हा शिष्यवृत्ती पुढं चालू ठेवण्याबद्दल विचार करावा लागेल असं कुणीतरी कानावर घातलं. मी घरी फोन केला. वडिलांना ताऱ्यांतलं काही कळत नव्हतं, आणि मी काय सांगत होते ते मलाही धड कळत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तू खोटी हायेस काय?"

"माहीत नाही, बाबा," मी म्हटलं.

त्यांना ते फार लागलं. मी कधी कशाला माहीत नाही म्हणणारी मुलगी नव्हते. ते एवढंच म्हणाले, "मंग आधी ते पाहून घे. बाकी मंग पाहू."

बघायचं कसं? त्या ताऱ्यावर दुर्बीण पुन्हा वळवायची तर अर्जावर विभागप्रमुखाची सही हवी, आणि विभागप्रमुख अष्टपुत्रे. तो रस्ता बंदच होता. मी कितीतरी दिवस त्याच बंद दारावर डोकं आपटत राहिले. आणि मग एका सकाळी संस्थेच्या बागेत पाणी घालणारा माणूस नळी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्याकडे नेत होता, ते पाहताना मला सुचलं. तो नळी नेताना पाणी बंद करत नव्हता. मधल्या वाटेवरही पाणी पडत होतं.

दुर्बीणही एका लक्ष्याकडून दुसऱ्या लक्ष्याकडे वळताना डोळा मिटत नाही. मधल्या आकाशावरून तिची नजर फिरतेच. प्रत्येक जागी काही सेकंदच, पण ती निरीक्षणं साठवलेली असतात, आणि ती कुणाच्याही मालकीची नसतात, सगळ्यांना खुली असतात. कितीतरी वर्षांचं ते वळणं होतं. मी शोधायला बसले. आपला तारा त्या वाटेत किती वेळा आला असेल? फार नाही. पण आमच्या भडक्याच्या दोन वर्षं आधी एकदा नजर त्याच्यावरून सरकली होती तेव्हा तो पेटलेला होता. या वेळी चित्राच्या काठाशी नव्हता, मधोमध होता. जागा नेमकी सांगता येत होती. आकाशगंगा त्या जागेच्या बाहेर होती आणि तारा बरोबर आत.

म्हणजे अष्टपुत्र्यांचा तारा मरण्याच्या दोन वर्षं आधीही एकदा मेला होता.

कागद घेऊन मी कुर्डुकर सरांच्या खोलीकडे निघाले तेव्हा माझ्या मनात त्यांच्याविषयी राग नव्हता, याचं मला आजही नवल वाटतं. मला वाटत होतं की ते आनंदतील. त्यांना पटत नव्हतं, आता पटेल, एवढंच. एखादा कडक शिक्षक शेवटी पाठ थोपटतो तसं काहीतरी होईल असं मला वाटत होतं.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ धरला.

"छान काम केलंस," ते म्हणाले. "वळतानाची निरीक्षणं बघायची, हे मलासुद्धा सुचलं नसतं."

"म्हणजे ताराच आहे ना, सर?"

"ताराच आहे."

"आता पटलं तुम्हाला?"

सरांनी कागद टेबलावर ठेवला, त्याच्या कडा नीट जुळवल्या. "पटायचं काय त्यात," ते म्हणाले. "तू पहिल्या दिवशी आलेख घेऊन आलीस तेव्हाच पटलं होतं."

मला शब्द ऐकू आले, पण त्यांचा अर्थ लागायला वेळ लागला.

"आणि लोखंडाची रेषा?"

"स्वच्छ होती. मी स्वतः करून पाहिली होती. त्याच आठवड्यात."

मग ते बोलत राहिले, मी उभी होते. त्यांनी सांगितलं की गेली पंधरा वर्षं ते एका दुर्बिणीसाठी झटतायत. आपल्या देशाची, आपल्या हातांनी बनवलेली, लहानशी, पण मोठा आकाशाचा तुकडा एकदम बघणारी, क्षणात येऊन क्षणात जाणाऱ्या भडक्यांसाठीच बनवलेली दुर्बीण. तो प्रस्ताव दिल्लीत समितीपुढं होता आणि समितीचे अध्यक्ष अष्टपुत्रे होते. अष्टपुत्र्यांचा लेख बाहेर यायच्या आधी सरांनी त्यांना सांगितलं होतं की भडका ताऱ्याचा आहे. अष्टपुत्र्यांनी तिथल्या तिथं दुसऱ्या क्रमांकावर त्यांचं नाव घातलं आणि प्रस्तावाचा विषय काढला. तेवढंच झालं. सर म्हणाले की ही दुर्बीण वर गेली की असे भडके शेकड्यांनी सापडतील, खरं काय ते आपोआपच सगळ्यांना कळेल, एका भडक्यापायी ते सगळं घालवायचं का?

मी म्हटलं, "मग मला सांगायचं होतंत. गप्प बस म्हणायचं होतंत."

"तू बसली नसतीस."

"नसते बसले. पण माझे डोळे धड आहेत एवढं तरी मला कळलं असतं. सर, मला वेड लागतंय असं वाटत होतं. बरोबर आलेलं गणित घेऊन मी रोज तुमच्यापुढं येत होते आणि तुम्ही ते चूक म्हणून परत देत होतात. तुम्ही म्हणालात म्हणून मी स्वतःला खोटं ठरवलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते."

"तू खंबीर आहेस," सर म्हणाले. "सहन करशील, असं वाटलं."

"खंबीर माणसाला मारलं तर लागत नाही का?"

त्यांचा चेहरा दुखावलेला होता. मी त्यांना समजून घेत नाही, याचं त्यांना वाईट वाटत होतं. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अष्टपुत्र्यांवरचा राग मी समजू शकत होते. लबाड माणूस लबाडी करतो. पण हा माणूस चांगला होता, आणि चांगलाच राहून त्यानं हे केलं होतं. टेबलावरचा कागद मी उचलला. त्यांनी तो हातानं दाबून धरला आणि म्हणाले, समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, तेवढं थांब, मग आपण दोघं मिळून लिहू.

मी कागद ओढून घेतला. त्याचा एक कोपरा त्यांच्या बोटांखाली राहिला.

लेख मी एकटीनं लिहिला. जुलेखाला वाचायला दिला तेव्हा ती म्हणाली, "माझंही नाव घाल." मी म्हटलं, अष्टपुत्रे तुला सोडणार नाहीत. "घाल," ती म्हणाली. "तो तुकडा कापायला मीच निघाले होते. न कापता राहिला, तर त्याच्याखाली माझंही नाव असू दे." आम्ही तो पाठवला. समितीच्या बैठकीआधी पाठवला, हे मी मुद्दाम केलं, आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही.

पुढं जे झालं ते न्यायाचं झालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. आमचा लेख एका छोट्या नियतकालिकात आला, तोही फार उशिरा. अष्टपुत्र्यांनी आपला लेख कधीच मागे घेतला नाही. नंतरच्या एका लेखात त्यांनी एक ओळ घातली की अन्य शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाहीत. त्यांना पुढच्या दोन वर्षांत दोन पुरस्कार मिळाले. जुलेखाचा प्रबंध त्यांनी असा काही रखडवला की तिनं तो सोडून दिला. ती सोलापूरला परत गेली आणि कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागली. मी संस्था सोडली, बंगळूरला एका प्राध्यापक बाईंनी मला पीएच.डी.ला घेतलं, तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आणि कुर्डुकर सरांची दुर्बीण मंजूर झाली.

ती वर जायला पुष्कळ वर्षं लागली. मी तिच्यापासून लांब राहायचं ठरवलं होतं. पण भडक्यांचं विश्लेषण करणाऱ्या गटाचं प्रमुखपद माझ्याकडे आलं आणि मी हो म्हटलं. दुर्बीण उत्तम होती. जशी असायला हवी तशीच होती. तिच्यावर राग धरता येईना, यानंच मी कितीदा चिडले.

तिच्या पहिल्या वर्षाच्या कामाची सभा बंगळूरला भरली. आदल्या दिवशी दुपारी मी माझ्या गटाबरोबर संगणकांच्या खोलीत काम करत होते, तेव्हा कुर्डुकर सर आत आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, हातात काठी आली होती. खोलीतली सगळी माणसं उठली. दोघा-तिघांनी वाकून नमस्कार केला. मी उठले नाही.

ते माझ्या मागं येऊन उभे राहिले आणि पडद्याकडे पाहत राहिले. त्या क्षणी तिथं एका म्हाताऱ्या ताऱ्याचा भडका दिसत होता, ताजा, सकाळचाच.

"किती सापडले?" त्यांनी विचारलं.

"मोजायला माणसं कमी पडतायत."

"ही दुर्बीण नसती तर यातलं काय दिसलं असतं, शलाका?"

"काहीच नाही."

"मग अजून राग कशाचा?"

बाकीचे लोक पडद्याकडे बघत राहिले, कुणी हलत नव्हतं. एवढ्या वर्षांत मी या उत्तराची कितीतरी लांबलचक भाषणं मनात केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"उद्याच्या सभेत तुम्ही बोलणार आहात," मी म्हटलं. "अष्टपुत्रे सरही येणार आहेत. तेव्हा एवढंच सांगा, की माझ्या विश्लेषणात चूक नव्हती आणि तुम्हाला ते माहीत होतं. दोन वाक्यं आहेत. ती बोललात तर मी उठून तुमच्या पाया पडेन."

"आता?" ते हळूच म्हणाले. "आता त्याचा कुणाला काय उपयोग?"

"मला आहे."

"विचार करतो," ते म्हणाले, आणि काठी टेकत गेले.

दुसऱ्या दिवशी ते बोलले. दुर्बिणीचा सगळा इतिहास त्यांनी सांगितला, कुणी काय मदत केली ते नावानिशी सांगितलं, अष्टपुत्र्यांचे विशेष आभार मानले. शेवटी म्हणाले की त्यांच्या आयुष्याचं सार्थक झालं, कारण आज या दुर्बिणीवर त्यांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी काम करते आहे. आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. टाळ्या पडल्या. ती दोन वाक्यं आली नाहीत.

त्यांच्यानंतर मी होते. माझं भाषण तयार होतं, नव्या ताऱ्यांचं. मी ते सुरू केलं नाही. जुना आलेख माझ्या संगणकात होता, तो मी पडद्यावर लावला.

"हा भडका आपल्या दुर्बिणीचा नाही," मी म्हटलं. "हा त्याआधीचा. जुलेखा मणियार यांच्या निरीक्षणांत तो होता, आणि आम्ही दोघींनी तो पाहिला. हा स्फोट आहे असं डॉ. अष्टपुत्रे यांनी प्रसिद्ध केलं. ते चूक होतं. हा ताऱ्याचा भडका आहे हे डॉ. कुर्डुकर यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तरी माझं विश्लेषण चुकलंय असं त्यांनी भर सभेत सांगितलं. कारण त्यांना ही दुर्बीण हवी होती. दुर्बीण मिळाली. ती फार चांगली आहे. तिची किंमत कोणी दिली, ते मात्र इतिहासात सांगायचं राहून गेलं, म्हणून मी सांगितलं."

माझा आवाज कापला नाही. समोर कुणी टाळी वाजवली नाही, कुणी उठून गेलंही नाही. सर पहिल्या रांगेत होते. त्यांनी मान खाली घातली, की हलवली, की माझ्याकडे पाहत राहिले, ते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी पुढचा तारा पडद्यावर घेतला आणि कामाचं बोलायला सुरुवात केली.